आकडा तोच, मोजमाप निराळे

वाचकहो, शेतीच्या पानावर अमेरिकेतल्या मोटारीचे काय काम, असे तुम्ही म्हणाल. पण थोडा धीर धरा.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त मिशिगनमध्ये होता. जानेवारी २००६ मध्ये तेथील डेट्रॉइटच्या प्रदर्शनात 'डॉज चॅलेंजर' या गाडीचे नवे रूप मांडले गेले. जुनी चॅलेंजर १९७० सालच्या मॉडेलची. साध्या सहा सिलिंडरपासून ४२६ घनइंचाच्या 'हेमी'पर्यंत हवे ते इंजिन तीत मिळे. अशा दांडग्या इंजिनाच्या गाडीला तिकडे 'मसल कार' म्हणतात. पुढे धुराचे कायदे कडक झाले, विम्याचे हप्ते वाढले, १९७३ साली तेल महागले आणि १९७४ ला ही गाडी बंद पडली.

ती परत येणार म्हटल्यावर पुतण्या फोनवर अंदाज बांधू लागला. इंजिन कोणते देतील? स्वस्त प्रकार निघेल का? २००८ साली गाडी आली ती एकाच, सर्वांत महाग प्रकारात: ६.१ लिटर, ४२५ अश्वशक्ती. २००९ च्या मॉडेलात मात्र २५० अश्वशक्तीची साधी 'एस.ई.' आणि सुमारे ३७० ची 'आर.टी.' मिळू लागली. ज्याने वर्षभर दम धरला, त्याला आपल्या ऐपतीची गाडी निवडता आली.

पुतण्या म्हणाला, "काका, १९७० च्या हेमीचीही ताकद ४२५ च होती!" येथेच खरी मेख आहे. त्या काळी इंजिन एकटे मांडावर चढवून ताकद मोजत. एअर क्लीनर, डायनॅमो, सायलेन्सर यांचा भार त्यावर नसे. १९७२ च्या मॉडेलांपासून हा सारा भार धरून आकडा देण्याची पद्धत तिकडे रूढ झाली. म्हणजे ४२५ आणि ४२५ हे एकाच मापाने मोजलेले नव्हेत. एकाने पोत्यासकट वजन केले, दुसऱ्याने पोते वजा जाता!

आता आपल्या दारात या. गेल्या हंगामात एक तरुण शेतकरी दोन ट्रॅक्टरांची माहितीपत्रके घेऊन माझ्याकडे आला. दोन्हींवर इंजिनाची ताकद ४५ अश्वशक्ती. किंमत कमी म्हणून एकाची इसार देण्याच्या तो बेतात होता. कर्ज सात वर्षांचे. मी त्याला एवढेच विचारले, "तुझा रोटाव्हेटर इंजिनावर चालतो की पी.टी.ओ.वर?" चाचणी अहवाल काढून पाहिले, तर पी.टी.ओ.ची ताकद एकाची चांगलीच कमी निघाली. त्याच्या भारी जमिनीत तो रोटाव्हेटर तिला झेपला नसता. इसार थांबली.

बंधूंनो, ट्रॅक्टर घेताना बॉनेटवरचा आकडा पाहून भुलू नका. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. विक्रेत्याकडे चाचणी अहवाल मागा. त्यात पी.टी.ओ.ची ताकद, ओढण्याची शक्ती आणि डिझेलचा खप या तीन गोष्टी वाचा. मग आपली जमीन, आपली अवजारे आणि आपला हप्ता यांच्याशी त्या ताडून पाहा. नवे मॉडेल येताच पहिल्याच महिन्यात धाव घेण्याचीही गरज नाही.

अमेरिकेतल्या शौकिनाचा अंदाज चुकला तर त्याची हौस तेवढी राहते. आपला चुकला तर सात-बारावर बोजा चढतो.