युन्नानचे फोटो पोचले

स्नेहलतागंज, इंदूर

चि. मुक्ता,


फोटो पोचले. लीज्यांगची कौलारू घरं, दालीचा तलाव, होंगहच्या डोंगरउतारांवरची हानी लोकांची भातखाचरं, सगळं चष्मा पुसून पुसून पाहिलं. एका प्रांतात २५ अल्पसंख्य जमाती म्हटल्यावर माणूस दिपणारच. पण तू प्रत्येक फोटोखाली ‘नाशी पोशाख’, ‘दाई पोशाख’ एवढंच लिहिलंयस. त्या बायका बाजारात काय विकत होत्या गं?

तिकडे पर्यटक यावेत म्हणून झोंगद्यानचं नाव २००१ मध्ये शांग्री-ला केलं, तेही एका इंग्रजी कादंबरीतलं. हसू नकोस. आपल्याकडे भगोऱ्याची गत वेगळी नाही. होळीआधीच्या आठवड्यात झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी, खरगोनकडे आठवडी हाट भरतात, तोच भगोऱ्या. गुजरातेत मजुरीला गेलेली माणसं घरी येतात, मांदल ढोल घुमतो, शेव, खजूर, साखरेच्या गाठींची खरेदी होते. आणि पेपरवाले दरवर्षी छापतात : पोरीला गुलाल लावून पळवायचा मेळा! शिकलेली आदिवासी मुलं याला विरोध करतात, आणि बरोबरच करतात. अलीराजपूर जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार शंभरात ८९ माणसं आदिवासी. भिल्ल, भिलाला, बारेला, पटेलिया अशी, एकाच साच्यातली नव्हेत. त्यांच्या वर्षाच्या मोठ्या बाजाराचं आपण स्वयंवर करून टाकलं.

पोशाखाचंच म्हणशील तर तुला बाग गावाला न्यायला हवं. इथून धारवरून रस्ता आहे. तिथले छिपे, म्हणजे कापड छापणारे, खत्री, मुसलमान, मूळचे सिंधमधल्या लारकान्याचे. भिल्ल-भिलाला बायकांचे घागरे पूर्वी हेच छापायचे, ज्या त्या जमातीची नक्षी वेगळी. गंमत म्हणजे लाल ठशातून लाल रंग येतच नाही. ठशाला असते तुरटी आणि चिंचोक्याची खळ. छापलेलं कापड दिवसचे दिवस वाळतं, मग बाघिनी नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात. त्यानंतर तांब्याच्या कढईत अलिझरिन आणि धावडीची फुलं घालून उकळलं, की तुरटी जिथे बसली असेल तिथेच लाल उमटतं. काळ्यासाठी खळीत लोह असतं. कढईवरचा माणूस काठीनं कापड सारखं खालीवर करत राहतो. थांबला तर डाग पडतात.

पुढे स्वस्त सिंथेटिक आलं, हाटातलं गिऱ्हाईक गेलं. आज तेच बाग प्रिंट मुंबई-दिल्लीच्या दुकानांत महागात विकलं जातं आणि भगोऱ्यात पोरी चकचकीत नायलॉन नेसतात. फोटोवाले हळहळतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. आपण तरी कुठे रोज महेश्वरी साडी नेसतो? हळहळायचंच तर त्या मजुरीवरून परतलेल्यांना वर्षभर गावात काम का मिळत नाही, यावर हळहळावं.

आणि हो, या सरमिसळीत आपणही आलोच. होळकरांच्या मागोमाग इकडे आलो, सकाळी पोहे-जलेबी खातो, आणि मराठी बोलताना निम्मं हिंदी बोलतो. बाहेरून कुणी फोटो काढायला आला तर आपल्या ‘पोशाखा’खाली काय लिहील देव जाणे.

दालीजवळ बांधणीसारखं निळं कापड रंगवतात म्हणे. परतण्याआधी तिथे जा, आणि ते कापड आता तिथलीच माणसं नेसतात की सगळं पर्यटकांना जातं, तेवढं विचारून ये. माझ्यासाठी विकत काही आणू नकोस, कपाट भरलंय.

तुझी,
आत्या