नवकारसीपर्यंतचे ऊन

सूर्योदयानंतर नवकारसी पारण्यास दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, थांबावे लागते. पुण्याच्या मार्केट यार्डात आयुष्यभर धान्याची आडत केलेले एक वयोवृद्ध गृहस्थ गेल्या हिवाळ्यापासून हा वेळ गच्चीवर घालवितात. सामायिक त्यापूर्वीच झालेले असते. सोबत एक लाकडी फळी, मोबाइल आणि नातवाने वाढदिवसाला दिलेली ९ सेंटिमीटर लांबीची फियाट. मूळ गाडीच्या ४३ पट लहान असलेली ही प्रतिकृती रंगानेही अगदी तशीच, फिकट निळी.

तशीच, म्हणजे त्यांच्या वडिलांच्या गाडीसारखी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ती प्रीमियर पद्मिनी अवघ्या घराचा अभिमान होती. पण तिचे एकही छायाचित्र कोणी काढून ठेवले नव्हते.

नातवाने प्रथम टेबलावरच्या दिव्याखाली या प्रतिकृतीचा फोटो घेतला. खेळणे खेळण्यासारखेच दिसले. दिवा जवळ असला की किरण फाकतात आणि सावलीही फाकते. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर असल्याने त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात. म्हणून लहान गाडीची सावली मोठ्या गाडीसारखीच पडते. शिवाय सकाळचा प्रकाश वातावरणाच्या जाड थरातून येतो, त्यातील निळा अंश वाटेत विखुरतो आणि सोनेरी अंश उरतो. नवकारसीच्या वेळेपर्यंत सूर्य जेमतेम दहा-अकरा अंश वर येतो. तेव्हाही सावली गाडीच्या उंचीच्या पाचपट असते. त्यानंतर ऊन चढत जाते, टप चकाकू लागतो आणि दारे काळवंडतात.

ते आधी मऊ कुंच्याने जागा पुंजतात; फळीखाली एखादी मुंगीही सापडू नये. मग मलमलीने गाडी पुसतात, कारण तिरप्या उन्हात बोटाचा ठसाही दिसतो. उभ्या माणसाची नजर १६० सेंटिमीटरवर धरली, तर ४३ ने भागून चार सेंटिमीटरही भरत नाहीत. हा हिशेब त्यांनी मनातल्या मनात केला आणि मोबाइल उलटा धरून त्याचे भिंग फळीजवळ आणले. फार जवळ गेल्यास मागची बाजू पुसट होते, म्हणून थोडे मागे सरकायचे. सावलीच्या बाजूला एक कोरे पोस्टकार्ड उभे केले, की तेथला काळोख निवळतो.

एवढ्या खटाटोपामागे एक जुनी सकाळ होती. एका पेढीने पैसे बुडविल्यामुळे वडिलांवर मोठे देणे झाले. देणेकरी रुपयाला दहा आणे घेऊन हिशेब मिटविण्यास राजी होते. वडिलांनी मात्र गाडी विकून प्रत्येकाची पै न् पै चुकती केली. घेणारा माणूस सूर्योदयालाच दुकानासमोर आला. तेव्हा एकोणीस वर्षांच्या या मुलाने सर्वांदेखत वडिलांना ऐकविले, "तुमच्या तत्त्वांनी घर चालत नाही." पुढे दरवर्षी संवत्सरीला त्यांनी वडिलांच्या पायाशी बसून मिच्छामि दुक्कडम् म्हटले, पण त्या वाक्याचा उच्चार कधीच केला नाही. वडील गेले, आणि तो करायचा राहूनच गेला.

जानेवारीतल्या एका सकाळी मनासारखा फोटो साधला. ऊन डावीकडून आले होते, बॉनेटवर तोच पिवळसर उजेड होता. तो फोटो त्यांनी कित्येक महिने कोणालाही दाखविला नाही. यंदाच्या संवत्सरीला प्रतिक्रमण झाल्यावर त्यांनी तो नातवापुढे ठेवला आणि सारी हकिगत सांगितली. स्वतःच्या त्या वाक्यासह.

नातू बराच वेळ फोटो पाहत राहिला. मग त्याने विचारले, "पणजोबा काय म्हणाले?"

"काहीच नाही. किल्ली देण्याआधी उपरण्याने गाडीची काच पुसत राहिले."