सॅन फ्रान्सिस्कोंतील एक भिंत

सॅन फ्रान्सिस्को शहरांत मार्केट रस्ता जेथें पॉवेल रस्त्यास मिळतो, तेथें जमिनीखालील दोरानें ओढल्या जाणाऱ्या ट्रामगाड्या फिरत्या तबकडीवर घेऊन, हातांनीं ढकलून त्यांचें तोंड फिरवितात. प्रवाशांची सारी दृष्टि त्या गमतीकडे. शेजारची बारा मजली फ्लड इमारत पाहण्यास फारसें कोणी थांबत नाहीं. ती १९०४ सालीं पुरी झाली आणि १८ एप्रिल १९०६ रोजीं पहाटें ५ वाजून १२ मिनिटांनीं तिची परीक्षा झाली. भूकंपामागून आग आली. सुमारें तीन हजार माणसें दगावलीं. इमारत आंतून जळाली, पण उभी राहिली.

याचें श्रेय पोलादी सांगाड्यास देतात. तें खरें, पण अपुरें. पोलादी सांगाडा लवचिक. धक्क्यानें तो डोलूं लागतो. खांब आणि तुळया यांच्या चौकटींत विटांची भिंत घट्ट बसविलेली असली, तर चौकट कलतांच ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरप्या टेकूसारखी अडते. झोंका उलटला कीं दुसऱ्या कर्णावर अडते. म्हणून अशा भिंतींवर भूकंपानंतर फुलीच्या आकाराच्या भेगा दिसतात. भिंत तडकते, विटा विटांवर घासतात आणि धक्क्याचा बराच जोर त्या घासण्यांत जिरतो. अभियंत्यांच्या हिशेबांत मात्र ही भिंत पुष्कळदां नुसतें ओझें म्हणूनच मांडलेली असे. एकत्र कुटुंबांतील आत्याबाईंच्या कष्टांप्रमाणें तिचें काम कोणाच्या खिजगणतींत नसे!

मात्र भिंत चौकटीस धरून हवी. याच शहराचें जुनें नगरभवन बांधण्यास सुमारें पाव शतक लागलें होतें. त्या पहाटें त्याचें विटांचें बांधकाम ढासळलें आणि घुमट उघड्या पोलादी पिंजऱ्यावर तरंगत राहिला. तीं छायाचित्रें आजही पाहावयास मिळतात.

दुसरा धोका आपल्या अधिक ओळखीचा आहे. वरच्या मजल्यांना भिंती आणि तळमजला मोकळा, असें झालें कीं वरचा भाग ताठ राहतो व सारें डोलणें खालच्या खांबांवर येतें. २६ जानेवारी २००१ रोजीं अहमदाबादेंत मोटारींसाठीं तळमजला मोकळा ठेवलेल्या कित्येक इमारती कोसळल्या. ते सांगाडे काँक्रीटचे होते, पण न्याय तोच. पुढील वर्षींच्या भारतीय मानकानें अशा मजल्याचे खांब अडीचपट बळासाठीं बांधण्याचा एक मार्ग घालून दिला. त्यापूर्वीं उठलेल्या कितीतरी इमारती पुण्या-मुंबईंत मोटारी पोटाशीं घेऊन अजून उभ्या आहेत.