अस्सल बरहुकूम

पाटबंधारे खात्याच्या आरेखन शाखेत ज्याची उमेदीची वर्षे गेली, कयाधू आणि पूर्णा ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील कालव्यांचे छेद, मोऱ्या आणि सांडवे ह्यांपलीकडे ज्याच्या हातून फारसे काही कागदावर उतरले नाही, त्या हिंगोलीच्या माणसाने युद्धनौकांच्या नकाशांविषयी चार शब्द लिहावेत, हे काहीसे आगाऊपणाचे दिसेल. आमच्या मुलखात विवंचना पाणी अडविण्याची. त्यावर तरंगण्याचा प्रसंग क्वचितच. तथापि ज्याने एकदा रुलिंग पेन हाती धरले त्याला दुसऱ्याच्या कामाचा कागद, मग तो कोणत्याही वस्तूचा असो, उलगडून पाहिल्यावाचून राहवत नाही. आणि नौकेचा नकाशा ही तर आमच्या धंद्याची अखेरची परीक्षा, कारण धरणाला निदान बसायला पाया असतो, नौकेच्या अंगावर मात्र सरळ रेषा शोधूनही सापडत नाही.

जुन्या ब्रिटिश आरमाराच्या दप्तरातील आराखडे पाव इंचास एक फूट, म्हणजे अठ्ठेचाळीसास एक, ह्या प्रमाणावर काढलेले असत. एकाच कागदावर नौकेची तीन दर्शने: बाजूने दिसणारी, वरून दिसणारी आणि समोरून दिसणारी. वरचे दर्शन अर्धेच काढीत, कारण डावे अंग उजव्यासारखेच असावयाचे. आणि समोरच्या दर्शनात मध्यरेषेच्या एका बाजूस नाळेकडील छेद व दुसऱ्या बाजूस पिछाडीकडील छेद, अशी दोन अर्धी एकत्र नांदत. ही काटकसर कागदाची खरी, पण तिच्यात जोखीमही आहे. अशा कागदावर पाव मिलिमीटर जाडीची रेषा ओढली की ती प्रत्यक्ष नौकेवर बारा मिलिमीटर होते. अतएव गोदीत विस्तीर्ण लाकडी जमिनीवर तोच आराखडा पूर्ण आकारात पुन्हा उतरवीत, त्यावरून पातळ फळ्यांचे साचे कापीत, आणि त्या साच्यांबरहुकूम सुतार लाकूड तासीत.

ह्या वक्ररेषा ओढण्याची रीत मोठी सुंदर आहे. लवचिक लाकडी पट्टी ठरविलेल्या बिंदूंवरून वाकवावयाची, शिशाच्या वजनांनी जागोजाग दाबून धरावयाची, आणि मग डोळा कागदाच्या पातळीवर आणून पट्टीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहत राहावयाचे. एखाद्या ठिकाणी पट्टी नाखुशीने वळते आहे असे दिसले, तर तिथले वजन हलके उचलावे. पट्टी आपल्या मनाने जरा सरकते, आणि गणिताने दिलेला बिंदू केसभर बाजूला राहतो. तो राहू द्यावा लागतो. आमच्या खात्यात असे केले असते तर लेखापरीक्षकाचा शेरा ठरलेला. नौकेच्या आराखड्यात मात्र शेवटचा निवाडा पट्टीचा व डोळ्याचा, आकड्यांचा नव्हे, आणि मला हे रास्त वाटते.

युद्धकाळात ह्या कागदांची काय गत होते, ह्याचा उत्तम दाखला आपल्या मुंबईशी निगडित आहे. ‘हेबे’ नावाची फ्रेंच युद्धनौका 1782 साली इंग्रजांनी पकडली. तिचा रचनाकार झाक-नोएल साने. आडनाव सदाशिव पेठेतले वाटले तरी गृहस्थ फ्रेंच. इंग्रजांनी त्या नौकेच्या अंगावरून मापे घेऊन उलट दिशेने तिचा आराखडा तयार केला, आणि त्याच धाटणीवर ‘लेडा’ ही 38 तोफांची नौका 1800 साली पाण्यात सोडली. पुढे नेपोलियनशी चाललेल्या झुंजीत इंग्लंडात ओकच्या लाकडाची टंचाई पडली, तेव्हा ह्याच वर्गातील ‘त्रिंकोमाली’ मुंबईच्या गोदीत सागवानात बांधावी असा हुकूम 1812 च्या ऑक्टोबरात निघाला. आराखडे ‘जावा’ ह्या नौकेवर चढविण्यात आले. आणि ही ‘जावा’ देखील मूळची पकडलेली फ्रेंच नौकाच. 29 डिसेंबर 1812 रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’ने तिला जेरीस आणले आणि मागाहून जाळून टाकले. आराखडे गेले. दुसरी नक्कल मुंबईस पाठवावी लागली, आणि जमशेटजी बमनजी वाडिया ह्यांच्या हाताखाली काम सुरू होण्यास 1816 साल उजाडले. 12 ऑक्टोबर 1817 रोजी नौका पाण्यात उतरली, तेव्हा जिच्यासाठी ती मागविली ती लढाई संपून दोन वर्षे लोटली होती.

आता त्या कागदाकडे धंद्याच्या नजरेने पाहावे. त्यात आकार तंतोतंत सांगितलेला होता, आणि त्या बाबतीत वाडियांना स्वातंत्र्य नव्हते. परंतु ज्या लाकडात काम करावयाचे होते ते आराखडा काढणाऱ्यांच्या नित्य परिचयाचे नव्हते. ओकच्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागाच्या तेलाने ते टिकतात. मुंबईच्या कारागिरास हे पिढीजात ठाऊक होते, त्याला ते कागदाने शिकविण्याची गरज नव्हती. काय काढावे हे कोणीही वर्षभरात शिकतो. काय न काढता बांधणाऱ्यावर सोपवावे, हे ज्याला कळले तोच कामाचा नकाशा काढू शकतो. आमच्या कार्यालयांतून अलीकडे निघणारे कागद, ज्यांत प्रत्येक विटेला बाण लावलेला असतो, ते पाहून मला हे फार जाणवते.

कोकणातील पारंपरिक सुतार कागदावाचून, नजरेने नौका बांधतो, ह्याचे आपण कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. परंतु आंग्र्यांच्या गुराबांची रूपे आज आपण पाहतो ती बहुतेक परक्यांनी काढलेल्या चित्रांतून. हातातली विद्या हातांबरोबर जाते. ‘त्रिंकोमाली’चा आराखडा समुद्रात गेला, पण नौका झाली, कारण कोणा नक्कलनविसाने मान मोडून तेच छेद पुन्हा उतरविले होते. जहाजाच्या कीर्तीत त्याचा वाटा कोणी मोजीत नाही. ती सागवानी नौका इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे.

मी स्वतः नक्कलनवीसच. ट्रेसिंग क्लॉथवर आधी खडूची बारीक भुकटी चोळावयाची, म्हणजे शाई धरते. मे महिन्यात मनगटाखाली टीपकागद ठेवावयाचा, म्हणजे घामाने रेषा फुटत नाही. आणि शेवटी कोपऱ्यात ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असे लिहून वरिष्ठांच्या सहीसाठी जागा सोडावयाची. हे कापड धुतले की खळ निघून मऊसूत सुती वस्त्र उरते, आणि बाद झालेल्या नकाशांची झबली अनेक घरांत शिवली गेली. बाद नकाशांचे तसे झाले ह्याची मला खंत नाही. पण पूर्णेवरील सिद्धेश्वर धरणाच्या पिढीतल्या ज्या गुंडाळ्या जुन्या दप्तरखान्यांतून अजून पडून असतील, त्यांच्या रद्दीच्या यादीवर सही करण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्यांनी प्रत्येक गुंडाळी एकदा टेबलावर उलगडून पाहावी, तिची नक्कल करवून घ्यावी, आणि ती नक्कल हिंगोलीत न ठेवता परभणीस धाडावी.