लावलेलं तेल पोटातच जातं

कोल्हापूर

प्रिय मावशी,


तुझ्या बाळ्या कुत्र्याची खाज हटत नाही म्हणून तू खोबरेल तेलात कापूर घालून त्याच्या पाठीला चोळते आहेस, हे वाचलं आणि दवाखान्यातून आल्या आल्या लिहायला बसले. आधी ते थांबव. आजच कोमट पाणी आणि सौम्य साबण घेऊन त्याला आंघोळ घाल.

खोबरेल तेलाशी माझं भांडण नाही, भांडण कापराशी आहे. कापूर कातडीतून पटकन रक्तात उतरतो, आणि कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर आपल्याहून पातळ असतो. त्यात तू हात धुऊन स्वयंपाकाला लागतेस तोवर बाळ्या मान वळवून सगळं चाटून काढतो. आपल्या मलमांवर ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ असं छापता येतं. कुत्र्यासाठी बाहेरून असं काही नसतंच. कापूर पोटात गेला की लाळ गळते, उलट्या होतात, जास्त गेला तर झटके येतात. काका गुडघ्याला चोळतात त्या मलमांचंही तेच. त्यांतल्या बऱ्याच मलमांत विंटरग्रीनच्या तेलातला घटक असतो. त्या शुद्ध तेलाचा एक चमचा म्हणजे जवळजवळ ७ ग्रॅम ॲस्पिरिन. काकांचा गुडघा बाळ्याला चाटू देऊ नकोस.

सूनबाईंनी मुंबईहून टी ट्री ऑइलची बाटली पाठवली आहे, ती तर उघडूच नकोस. अमेरिकेत कुत्र्या-मांजरांना या शुद्ध तेलाची बाधा झाल्याच्या १० वर्षांतल्या ४४३ नोंदी तपासून २०१४ साली एक अभ्यास छापला गेला. लाळ, थरथर, मागचे पाय लुळे पडणं, अशी लक्षणं. मला त्यातली दुसरीच गोष्ट छळते: बहुतेकांनी ते तेल मुद्दाम, औषध म्हणून लावलं होतं. म्हणजे ही सगळी तुझ्यासारखीच मायेची माणसं. झाडापासून आलंय, मग त्रास कसला, असंच त्यांनाही वाटलं असणार.

तेलाचा विषय निघालाच आहे तर कलमांना घालायला आणलेली एरंडाची पेंड कुठे ठेवली आहे ते बघ. एरंडेल गाळून निघतं, पण बियांतलं रिसिन नावाचं विष पेंडीतच मागे राहतं. कुत्र्यांना ती पेंड आवडते, आळं उकरून खातात. आधी उलट्या, मग रक्ताची हगवण, आणि पुष्कळदा आम्हा पशुवैद्यांना फारसं काही करता येत नाही. पोतं माळ्यावर चढव आणि पेंड घातलेली आळी नीट बुजवायला सांग.

आता खाण्याचं. उकडलेलं रताळं खुशाल दे, मीठ-तूप न घालता. २०१३ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्याकडे २ प्रती असतात, तर कुत्र्यांकडे ४ पासून ३० पर्यंत. माणसाच्या दारात राहून, आपलं उष्टं खाऊन कुत्रं असं आतून बदलत गेलं, हे मला अजूनही फार अद्भुत वाटतं. गाजरही चालेल. सुरण आणि अळकुड्या मात्र नकोत, त्यांच्यातल्या सुईसारख्या स्फटिकांनी तोंड आणि घसा सुजतो. हळद चिमूटभर घातलीस तर हरकत नाही, पण तिच्यातलं औषधी द्रव्य रक्तात फारच थोडं पोचतं. त्याला मिरीची जोड दिली की ते जास्त पोचतं, पण मग इतर औषधंही अंगात जास्त वेळ रेंगाळतात. म्हणून गोळ्या चालू असताना हळद-मिरी डॉक्टरांना विचारूनच.

आणि कांदा. मटणाच्या वाटपातला, भाजलेला, शिजलेला, कुठलाही नाही. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडायला पुरतो. बाळ्याचं वजन १२ किलो, म्हणजे दोन मध्यम कांदे झाले. लसूण त्याहून जहाल. त्रास लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर होते, आणि तोवर रविवारचा रस्सा कोणाच्या लक्षातही राहिलेला नसतो.

त्याचे केस रुक्ष दिसत असतील तर जेवणात छोटा चमचाभर करडईचं तेल घाल. कुत्र्याच्या कातडीला लागणारं लिनोलेइक आम्ल त्यात भरपूर असतं, खोबरेलात जवळजवळ नाहीच. चमच्यापलीकडे जाऊ नकोस. एकदम खूप तेल-तूप पोटात गेलं तर स्वादुपिंडाला सूज येते.

पण तेल घालून मूळची खाज जाणार नाही. ती खरजेची आहे की बुरशीची, ते कातडी थोडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कळायचं नाही. गोचीड सापडले असतील तर रक्तही तपासून घे, त्यांच्यामुळे येणारा ताप कधी कधी आतल्या आत महिनोन्‌महिने राहतो. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून ने आणि काय काय लावलंस ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांग. रागावतील ही भीती नको, त्यांना ते कळलं तरच पुढचं औषध नीट देता येईल.

तपासणीत काय निघालं ते फोनवर कळव. काकांना नमस्कार.

तुझी भाची