पाणी उडतं, मीठ उडत नाही!

पाणी उडतं, मीठ मागे राहतं. एवढीच तर गोष्ट! शाळेत शिकलेली, भांडुप-मुलुंडच्या मिठागरांत हायवेवरून येता-जाता डोळ्यांनी पाहिलेली. आणि तरी हीच गोष्ट आपल्या हॉलमधल्या काचेच्या टँकमध्ये पंख्याखाली रात्रंदिवस चालू आहे, हे उमगलं तेव्हा मी अक्षरशः उडालोच. भेटेल त्याला धरून सांगतोय. घरचे आता मासळीचा विषय निघाला की उठून जातात, पण तुम्ही बसा, कारण हे फार म्हणजे फारच सुंदर आहे.

टँक निमखाऱ्या पाण्याचा आहे. खाडीच्या मुखाशी असतं तसं, ना धड गोडं ना धड खारं. त्यात आहेत कालुंदर, म्हणजे केरळचा करिमीन, त्या राज्याचा अधिकृत मासा. आपल्याकडे सिंधुदुर्गात, गोव्यात लोक त्याला ताटात ओळखतात. त्याला जिवंत, समोरून, काचेला नाक लावून एकदा पाहा! हिरवट राखाडी अंगावर अनेक खवल्यांवर मोत्याचा एकेक ठिपका, आणि वळला की ते सगळे ठिपके एकदम उजळतात.

आता हिशेब बघा, मजा हिशेबातच आहे. समजा टँक १०० लिटरचा, आणि लिटरला १० ग्रॅम मीठ. म्हणजे आत एकूण १००० ग्रॅम. उन्हाळ्यात १० लिटर पाणी उडून गेलं. मीठ तेच, १००० ग्रॅम, पण पाणी ९० लिटर! लिटरला ११ ग्रॅमच्या वर गेलं की नाही? एक चिमूट मीठ न टाकता टँक खारट झाला! म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी फक्त गोडं पाणी घालायचं. तिथे मिठाचं पाणी घातलं, की दर आठवड्याला आणखी मीठ साठत जातं आणि वरून काहीच दिसत नाही. काचेच्या कडेला पांढरी पापडी धरते तेवढंच काय ते मीठ बाहेर पडतं, पण ते अगदी किरकोळ.

पाणी बदलताना मात्र उलटं. तिथे आपण पाण्याबरोबर मीठही बाहेर काढतो, म्हणून येणारं पाणी मोजून तेवढंच खारं हवं. दोन कामं, दोन वेगळी पाणी! आणि क्रमही ठरलेला. आधी काचेवर मारलेल्या रेघेपर्यंत गोडं पाणी भरायचं, ते नीट मिसळू द्यायचं, आणि मग २० लिटर काढून तितकंच खारं २० लिटर घालायचं. क्रम उलटा केला तर? आटलेल्या, जास्त खाऱ्या पाण्यातून २० लिटर काढताना २०० ऐवजी २२२ ग्रॅम मीठ बाहेर जातं. क्रम पाळला की २०० ग्रॅम गेलं, २०० ग्रॅम आलं. हा ताळा पहिल्यांदा कागदावर जुळला तेव्हा मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

नवं पाणी बादलीत आदल्या रात्रीच तयार करायचं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायचं, आणि मीठ समुद्री मत्स्यालयांसाठी मिळतं ते घ्यायचं. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं, पाण्याचा पीएच धरून ठेवणारे क्षार असतात. स्वयंपाकाच्या मिठात हे नसतं. मग बादलीत एअरस्टोन सोडून रात्रभर बुडबुडे चालू ठेवायचे. सुरुवातीला मीठ पडतं त्या जागी पाण्यात तेलकट रेघा हलताना दिसतात, उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा थरथरते ना, तशा. खारं आणि गोडं पाणी मिसळताना प्रकाश वाकतो, त्याच्या त्या रेघा! सकाळी त्या नसतात. आणि आता खरी गंमत: हे पाणी टँकमध्ये सोडताना खारेपणा आणि तापमान दोन्ही जुळलेलं असेल तर धारेभोवती एकही रेघ उमटत नाही. मी टॉर्च लावून, डोळे ताणून पाहिलं. नव्या पाण्याची धार जुन्यात कुठे शिरली ते कळतच नाही!

अर्थात भरवसा डोळ्यांवर ठेवायचा नाही, हायड्रोमीटरवर ठेवायचा. काचेची लांबट नळी, तळाला वजन. पाणी जितकं खारं तितकी ती वर तरंगते. मिठागरात मीठ कधी धरेल हे बघायला याच जातीचं उपकरण वापरतात, फक्त त्यावरचे आकडे बोमे अंशांचे. आपल्या टँकच्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.००७ ते १.००८ च्या आसपास, समुद्राचं साधारण १.०२६. वाचताना डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, कडेला वर चढलेल्या पाण्याचा आकडा धरायचा नाही, नळीला चिकटलेले बुडबुडे झटकायचे. आणि बादली टँकइतकीच कोमट झाल्यावरच मोजायचं, कारण पाच अंशांच्या फरकाने शेवटचा आकडा एकाने हलतो.

मालवणच्या मावसभावाने फोनवर विचारलं, खाडीत तर दिवसातून दोनदा भरती येते, तिथे कालुंदर कुठे आकडे बघतो? प्रश्न एकदम रास्त आहे! पण खाडीत जड खारं पाणी खालून आत शिरतं, गोडं वरून वाहतं, आणि मासा वर-खाली, आत-बाहेर हवं ते पाणी निवडतो. टँकमध्ये पळायला जागा नाही. गोड्या पाण्यात त्याचं मूत्रपिंड जास्तीचं पाणी बाहेर टाकत असतं. खाऱ्यात तो उलट पाणी पितो आणि मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींतून बाहेर काढतो. हा सगळा कारखाना बदलायला त्याला वेळ लागतो. आणि फिल्टरमधले जिवाणू, जे माशांच्या घाणीतला अमोनिया पचवतात, त्यांनाही अचानक बदललेला खारेपणा सोसत नाही. ते मंदावले की अमोनिया चढतो आणि त्रास माशालाच.

आता मला स्कॅट नावाचे मासे पाळायचेत! ते मोठे होतील तसं त्यांना पाणी अधिक खारं लागतं. त्याचाही मार्ग याच बादलीतून जातो. १० ग्रॅमच्या टँकमधून २० लिटर काढायचं आणि लिटरला १५ ग्रॅमचं घालायचं: आत उरले ८००, आले ३००, झाले ११००. आठवड्याला लिटरमागे फक्त एक ग्रॅम वाढ, हायड्रोमीटरवर जेमतेम एक रेघ. पुढच्या रविवारी बादलीत २०० ऐवजी ३०० ग्रॅम पडणार!