कावेरीच्या डोहात आपल्याकडचा मासा

मार्चमध्ये कावेरी अंग चोरून वाहते. बंगळूरहून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या भीमेश्वरीला आम्ही पोहोचलो, तेव्हा पात्रातले निम्मे खडक उघडे पडले होते. शिवनसमुद्राच्या धबधब्यावरून उतरलेले पाणी इथे जंगलातून वाट काढत जाते. काठावर अर्जुनाची झाडे, वाळूत हत्तींची पावले आणि एका खडकावर सुस्तावलेली मगर. ती पाहून सौ.ने माझा दंड घट्ट धरला. मुलांना मात्र टोपलीसारख्या गोल नावेत बसायची घाई झाली होती.

नाव वल्हवणारे अण्णा पूर्वी गळ टाकणाऱ्या पाहुण्यांना घेऊन जात. लहानपणी मी वडिलांबरोबर मुठेकाठी गळ टाकून बसायचो हे कळताच त्यांची कळी खुलली. ‘‘सार, हेच दिवस!’’ ते म्हणाले.

पावसाळ्यात गढूळ पाण्यात काही साधत नाही. थंडी सरली की पाणी उतरते, निवळते आणि महासीर खोल डोहांत गोळा होतात. ऊन तापले की कोमट पाण्यातला प्राणवायू कमी होतो. म्हणून मासा खळाळाच्या आसपास, जिथे पाणी फेसाळत डोहात शिरते तिथे येतो. वेळ पहाटेची, नाहीतर दिवस कलतानाची. आमिष काय, तर नाचणी! पीठ मळून, लिंबाएवढे गोळे करून ते घट्ट होईपर्यंत उकडायचे. मोठ्या गळाला गोळा लावून तो धारेत सोडायचा आणि दोरीवर बोट ठेवून गप्प बसायचे. छोटे मासे टोचत राहतात, तिकडे लक्ष द्यायचे नाही. महासीर आला की दोरी सणसणत जाते. मग तो प्रवाहाबरोबर खाली पळतो, खडकावर दोरी कापतो. त्याच्यामागे नावच न्यावी लागते. पकडलेला मासा मात्र तोंड प्रवाहाकडे करून, दम खाऊन तो आपणहून निसटेपर्यंत धरून ठेवायचा. गरम पाण्यात दमलेला मासा तसाच सोडला तर मरतो.

जवळच्या काबिनी नदीत म्हैसूरच्या डे वेट व्हॅन इंगेन यांनी 1946 साली 120 पौंडी, म्हणजे सुमारे 54 किलोचा महासीर पकडला होता. पण हा परिसर अभयारण्यात येतो आणि 2010 नंतरच्या काही वर्षांत इथला गळ कायद्याने बंद झाला. म्हणून माझाही घरीच होता. ‘‘गळवाले होते तेव्हा सुरुंग लावून मासे मारणारे लांब राहायचे,’’ अण्णा जरा चिडूनच म्हणाले. मला त्यात तथ्य वाटले. पण पकडून सोडण्याने सगळे वाचले असेही नाही.

इथला मूळचा मासा नारिंगी परांचा, पाठीला उंचवटा असलेला. लोणावळ्याला वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकात महासीरची पैदास सुरू केली. तिथली निळ्या परांची बोटुकली चांगल्या हेतूने कावेरीत सोडली गेली. ती फोफावली आणि नारिंगी मासा मागे पडला. 2018 मध्ये त्याची शास्त्रीय ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी पक्की झाली आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. निळा मासा म्हणजे ‘टॉर खुद्री’. कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशाला हे नाव दिले. म्हणजे माझ्या बालपणीच्या नदीतलाच!

परतताना डोहात एक मोठा मासा उसळला. ‘‘निळा की नारिंगी?’’ धाकट्याने विचारले. अण्णांनी वल्हे थांबवले, थोडा वेळ पाण्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘दिसला नाही, बाळा.’’

जायचे असेल तर डिसेंबर ते मार्च हा काळ बरा. मुक्कामाची सोय कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेसच्या तळावर होते. आगाऊ नोंदणी करावी आणि मुलांना पाण्यात एकटे उतरू देऊ नये. मगरी खऱ्याच आहेत.